मामाजींची काळी गोळी

मोताळा, मंगळवार, रात्र

हसावं की रडावं, अजून कळत नाहीये. आज आमच्या होलसेल मेडिकलची तपासणी होती. इथे नकली औषध शिरत नाही असं प्रमाणपत्र मिळालं, तरच कंपन्या पुढे माल देणार. तपासायला आलेल्या साहेबांनी बिलं, बॅच नंबर, फ्रिज, सगळं पाहिलं. सगळं ठीक. खालचा खण बघून ते उठले आणि त्यांचा गुडघा कडकन वाजला.

गल्ल्यावर बसलेल्या मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, लगेच बंडीच्या खिशातून पुडी काढली. "दुखून राह्यला का साहेब? ही काळी गोळी घ्या. बाजारातली हाय."

"कंपनी कोणती?" साहेबांचा आवाजच बदलला.

"कंपनी कायची? वळखीचा माणूस हाय."

आजच सुचायचं होतं यांना? "साहेब, ह्या गोळ्या दुकानातल्या नाहीत, त्यांच्या स्वतःच्या आहेत," मी कसंबसं म्हणाले. झटपट गुण यावा म्हणून असल्या गोळ्यांत चोरून स्टेरॉइड घालतात, असं सांगून साहेबांनी पुडी जप्त केली, पण हसत. प्रमाणपत्र मिळेल म्हणाले.

मामाजी मात्र रुसले. जेवताना गुडघा धरून बसले, म्हणून मी आपल्याच दुकानातली साधी गोळी दिली. गिळली, थोडा वेळ पाय हलवून पाहिला आणि म्हणाले, "सूनबाई, काहीच फरक नाही. हे नकली दिसते."