आत काय: प्रसाद

जबलपूर,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुंदाताई,

नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? इथे सगळे बरे आहेत. सासूबाईंचं भजनी मंडळ जोरात आहे, अतुलला फॅक्टरीत सध्या सकाळची पाळी आहे, थंडी अजून गेलेली नाही. झालं, खुशाली संपली.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. माझा फोन ऑफिसने दिलेला आहे आणि गुरुवारपासून तो आलोकजींच्या ड्रॉवरमध्ये आहे. आलोकजी म्हणजे आमच्या कुरियर कंपनीतले एचआरचे साहेब. अतुलच्या फोनवरून बोलले असते, पण हल्ली तो सारखा माझ्या आसपासच असतो.

गुरुवारी तुझं पार्सल आलं, नेहमीसारखं ऑफिसच्या पत्त्यावर. माझ्या टेबलावर येण्याआधीच ते उघडलेलं होतं. आलोकजींनी मला आत बोलावून दार लावलं. समोर तुझ्या हाताने बांधलेल्या कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर कुंकवाचं बोट. एक सोडलेली होती. आत बिननावाच्या पांढऱ्या गोळ्या.

“मैडम, पार्सल पर लिखा है प्रसाद,” ते म्हणाले. “ये कौन-से मंदिर का प्रसाद है?”

अंगारा आहे म्हणणार होते, पण गोळ्यांचा अंगारा कोणी पाहिलाय? मग कळलं की माझ्याविरुद्ध तक्रार आहे, मी नशा करते म्हणून. पंधरा दिवसांत लघवीची तपासणी द्यायची, कोणकोणती औषधं घेते ते सगळं फॉर्मवर लिहून सही करायची, नाहीतर राजीनामा. तो फॉर्म चार जणांच्या हातून जाणार. त्यातली एक प्रणोती. तिची आई भजनात आमच्या सासूबाईंच्या मांडीला मांडी लावून बसते. म्हणजे खरं लिहिलं तर संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या गोरखपूर मोहल्ल्याला कळेल की माझ्या लग्नात आईने काय झाकलं होतं. आणि तपासणी दिली तर? डॉक्टर एकदा म्हणाले होते, यातली एक गोळी अशा तपासणीत नशेची म्हणून दिसू शकते.

गंमत बघ. सात वर्षं मी इथे पार्सलच्या तक्रारी घेते. दिवसातून वीसदा लोकांना सांगते, “पैकेट वही खोलेगा जिसका नाम लिखा है.” आणि माझं पाकीट ऑफिसातल्या तिघांनी मिळून उघडलं. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

आधी माझा संशय प्रणोतीवरच गेला. मराठी घरची, पण बोलते हिंदी. मराठी कळतं तेही अर्धंमुर्धं. मागे चहाच्या वेळी मी तुला फोनवर म्हणाले होते ना, “पुडी संपत आली, लवकर पाठव, घरी कळायला नको,” तेव्हा तिने मान वळवून पाहिलं होतं. आपल्या घरात पुडी हळदीची असते, साखरेची असते. इथे पुड़िया म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात.

पण तक्रार कोणाची असं विचारलं, तर आलोकजी म्हणाले, “खबर आपके घर से ही आई है.”

घरून! ताई, त्या गोळ्यांचं तू आणि आई सोडून कोणाला माहीत आहे? आई मेली तरी बोलणार नाही. दिवाळीत तूच म्हणाली होतीस, “एकदाचं सांगून टाक, माझ्याने आता पुड्या बांधवत नाहीत.” तू कंटाळली होतीस. कंटाळून काय केलंस? सरळ विचारते आहे. राग आला तर येऊ दे. ही नोकरी गेली तर दिवसभर त्या घरात बसून गोळ्या लपवणं एवढंच माझ्या हातात उरेल.

समृद्धी कायदा शिकते आहे. तुझ्या लेकीला माझं नाव न घेता विचार, अशी सही मागितली तर काय करायचं. उत्तर ऑफिसात नको, घरी तर नकोच. इथल्याच गढा भागातल्या शकुमावशीच्या पत्त्यावर पाठव. तिला नीट दिसत नाही, निदान वाचणार तरी नाही.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घालू नकोस.

वि.


जबलपूर,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. “मी नाही गं,” एवढंच लिहिलं होतंस. मी इतकं वाटेल ते बोलले आणि तू रागावलीही नाहीस, त्याचीच जास्त लाज वाटते. माफ कर. तरी खरं सांगू? ते वाचलं त्या दिवशी माझा विश्वास बसला नव्हता.

समृद्धीची चिठ्ठी “मावशी” अशीच सुरू होते, म्हणजे तिने ओळखलंच. घाईत सही करू नको, तक्रारीची प्रत माग, कोणत्या नियमाने तपासणी आणि निकाल कोण बघणार तेही लेखी माग, असं तिने लिहिलं. मी तसा अर्ज दिला. आलोकजी हसले.

“कुछ है ही नहीं, तो डर किस बात का?”

“डर नहीं है, इसीलिए लिखकर माँग रही हूँ,” मी म्हटलं.

सोमवारी प्रत मिळाली. हाताने लिहिलेलं एक पान, हिंदीत. खालचं नाव काळ्या शाईने झाकलेलं. “मेरी जानकारी में विनीता जी कागज में बाँधकर सफेद गोळियाँ रखती हैं,” असं पहिलंच वाक्य. गोळियाँ. हिंदीत ळ असतो का गं? प्रणोतीला तर तो बोलतासुद्धा येत नाही, लिहिणार कुठून! आणि तो ळ मी ओळखला. शेपूट ओढून खालच्या ओळीला लावलेला. अकरा वर्षं वाणसामानाच्या यादीत डाळ आणि गूळ मी त्याच ळ ने वाचत आले आहे.

घरी आले आणि कागद अतुलसमोर ठेवला. त्याने नाकारलं नाही. माझ्या पर्समध्ये त्याला रिकाम्या पुड्या सापडल्या होत्या म्हणे.

“मला वाटलं तू कशाच्या तरी नादी लागून राहिली. म्हटलं, ऑफिसवाले समजावतील.”

“मला काहून नाही विचारलं?”

“विचारलं असतं तर सांगितलं असतं काय तू?”

मग सांगितलं. ताई, लग्नानंतर तो शब्द मी पहिल्यांदा तोंडातून काढला. मला फिट येतात. अकरावीत असल्यापासून. गोळ्या चालू आहेत म्हणून लग्नानंतर एकही आली नाही.

तो बराच वेळ पुडीच्या कागदाची घडी घालत आणि उलगडत बसला. मग म्हणाला, “यापेक्षा नशा असती तर बरं होतं.” आणि स्कूटर काढून गेला. अंधार पडल्यावर परत आला तेव्हा चपलांना नर्मदेवरच्या ग्वारीघाटाची वाळू होती. दोन दिवस झाले, जेवायला ये एवढंच बोलणं आहे. त्याने सासूबाईंना सांगितलं की नाही कळत नाही. मी चहा देताना त्यांच्या तोंडाकडे बघते. त्याही माझ्याकडे बघतात. पूर्वीही अशाच बघायच्या की काय, तेही आता आठवत नाही.

त्या वाक्याने मी रात्रभर रडले. मग वाटलं, ज्याची भीती होती ते ऐकून तर झालं.

आज ऑफिसला उत्तर दिलं. मी नशा करत नाही. चार जणांच्या फॉर्मवर माझं औषध लिहिणार नाही. गरजच असेल तर कंपनीने डॉक्टर नेमावा, त्याच्याच नावाने माझ्या डॉक्टरांची चिठ्ठी बंद पाकिटात देईन. शेवटी लिहिलं, पैकेट वही खोलेगा जिसका नाम लिखा है. आलोकजींनी ते दोनदा वाचलं आणि या वेळी हसले नाहीत. “ऊपर भेजते हैं,” म्हणाले. नोकरी राहील की जाईल, मला माहीत नाही.

आईला हे पत्र वाचून दाखव. तिने माझ्यासाठीच झाकलं, हे मला कळतं. तरी राग आहे, तोही तिला कळू दे.

आणि ताई, गोळ्या दहा दिवसांच्याच उरल्या आहेत. या वेळी पुड्या बांधू नकोस. स्ट्रिपसकट पाठव, डॉक्टरांची चिठ्ठी वर ठेव. पत्ता घरचा घाल. आत काय या रकान्यात प्रसाद लिहू नकोस, औषध लिही. आणि नाव पूर्ण लिही, मी खाली लिहिते आहे तसं.

तुझी,
विनीता अतुल भुसारी