अकरा नंबरची कवळी

६ एप्रिल, सोमवार

सकाळी सव्वानऊला हिला घेऊन गेले. प्लास्टिकचे अंगरखे चढवलेली दोन माणसं — त्यात बाई कोण, बाप्या कोण, कळायला मार्ग नाही. मला जिन्यातच थांबवलं. ही गाडीत चढता चढता मागे वळली, मास्कवर हात धरून म्हणाली, "अहो, माझे दात!"

आणि मी काय म्हणालो? "मास्क लावलाय ना? कोण बघतंय तुझे दात! चढ आधी!"

दार लागलं. गाडी गेली.

वर येऊन बघतो तर बेसिनजवळच्या कपात कवळी. एकतीस वर्षं अख्ख्या शहराला दात करून देतोय, आणि स्वतःची बायको बोळक्या तोंडाने दवाखान्यात पाठवली. शाबास!

७ एप्रिल, मंगळवार

माझी तपासणी निगेटिव्ह. तरी दारावर कागद चिकटवलाय — चौदा दिवस बाहेर पडू नये. शेजारचे आमच्या दारावरून भिंतीला घासत जातात.

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात, तिथेही सगळं बंद. "बाबा, तुम्ही जेवलात का?" जेवलो म्हणालो. खोटं बोललो.

संध्याकाळी वॉर्डातून सिस्टरचा फोन. रोज एकदा करणार म्हणाली. खाट नंबर अकरा. ऑक्सिजन लावलाय, बोलू देत नाहीत. "काका, जेवण जात नाही त्यांना. चावता येत नाही."

चावणार कशाने? दात इथे कपात बसलेत!

८ एप्रिल, बुधवार

कवळी स्वच्छ केली, डबीत घातली, वर हिचं नाव आणि "खाट ११" लिहिलं. दवाखान्याच्या गेटपर्यंत जाणं म्हणजे काही बाहेर पडणं नव्हे, असं माझं मत आहे. रखवालदाराने डबी काठीने जवळ ओढून घेतली. तो तरी काय करणार.

ही कवळी करायला मला दीड महिना लागला होता. हिच्या टाळूवर मधोमध हाडाची गाठ आहे, वाटाण्याएवढी. लहानपणापासूनची. दातांच्या डॉक्टरने माप घेऊन दिलं तेव्हाच म्हणाला होता, "ही गाठ तुम्हाला रडवणार!" तीनदा केली, तीनदा मोडली. चौथ्यांदा गाठीपुरता खोलगट भाग ठेवला आणि अशी बसली, की ही म्हणाली, "सगळ्या जगाची तोंडं भरलीत, आता कुठे घरचं आठवलं!"

९ एप्रिल, गुरुवार

दात पोचले. घातले. वाटीभर मऊ भात खाल्ला!! सिस्टर म्हणाली, बोटाने खूण केली — छान आहे म्हणून.

१० एप्रिल, शुक्रवार

अकराच्या भिंतीतल्या ऑक्सिजनच्या नळाला दाब कमी येतोय. हिला जास्त ऑक्सिजन लागतोय, म्हणून शेजारच्या बाईला अकरावर आणि हिला बारावर नेलं. सिस्टर दमलेली होती, शब्द तुटत होते. "घाबरू नका काका." जास्त का लागतोय, ते विचारायचं धाडस झालं नाही.

आज मागच्या खोलीत कामाला बसून बघितलं. फळीवर सहा जणांचे प्लास्टरचे साचे पडून आहेत. दवाखाने बंद, कवळ्या कुणाला देणार? मोटर चालू केली, बंद केली. हात चालत नाही.

११ एप्रिल, शनिवार

आज दुसरीच सिस्टर. कालच्या सिस्टरलाच ताप आलाय म्हणे. ही नवी म्हणाली, "अकरा नंबर ना? जरा बऱ्या आहेत." मी म्हटलं, बारा ना? म्हणाली, "नाही हो, त्यांच्या नावाची पाटी अकरालाच आहे." म्हणजे नळ दुरुस्त झाला, परत जागेवर आणली. बरं झालं.

१२ एप्रिल, रविवार

हिचे कपडे द्यायला गेटवर गेलो. तिथे एक माणूस फूटपाथवर बसलेला, चाळिशीचा, बसड्रायव्हरच्या खाकी कपड्यात. मास्क पूर्ण ओला. रखवालदार हळूच म्हणाला, "बारा नंबर. आई. पहाटे गेल्या."

बारा! म्हणजे हिच्या शेजारची.

मी सहा फुटांवर बसलो. माझी पाण्याची बाटली मधे ठेवली आणि मागे सरकलो. त्याने उचलली. म्हणाला, "चेहरा दाखवत नाहीत हो काका. पिशवी बांधलेली. लांबून पाच मिनिटं बघायचं म्हणे." मग म्हणाला, "गाडी सोडून आलोय. डेपोत सांगितलंही नाही."

सांत्वन मला कधीच जमलेलं नाही. त्याने चिठ्ठीवर नंबर लिहून दगडाखाली ठेवला — "काकूंना काही आणून द्यायचं असलं तर सांगा. मला पास आहे." ज्याची आई गेली तो मला मदत करतोय!

खरं लिहितो, इथे कोण वाचणार आहे. वाईट वाटलं. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, मनात आलं — बरं झालं, आपली नाही. शी!

१३ एप्रिल, सोमवार

ही स्थिर. एवढंच.

१४ एप्रिल, मंगळवार

सिस्टर म्हणते दात बसत नाहीत. सैल होतात, डावीकडे टोचतात. घातले की लगेच काढून टाकते. जेवण पुन्हा बंद.

असं कसं? गुरुवारी बसले होते! आजारात माणूस सुकतं, हिरड्याही सुकतात, हे मला ठाऊक आहे. पण पाच दिवसांत एवढ्या? किती बारीक झाली असेल मग. आज माझ्याच्याने घास गिळवला नाही.

१५ एप्रिल, बुधवार

कवळी परत मागवली. रखवालदाराने जंतुनाशकात बुडवून, दोन पिशव्यांत घालून दिली. डावी कड घासली, पॉलिश केली, आत मऊ अस्तर दिलं. दुपारी पुन्हा गेटवर.

१६ एप्रिल, गुरुवार

नाही बसत.

१७ एप्रिल, शुक्रवार

"काका, तुम्ही नीट केलीये ना?" सिस्टरने सहज विचारलं. मी ओरडलो तिच्यावर! एकतीस वर्षांत माझी कवळी कुणी परत पाठवलेली नाही! तिने ऐकून घेतलं. चौदा चौदा तास उभी असते बिचारी. मग मीच माफी मागितली.

आणि मागतोच आहे तर म्हटलं, हिचीही मागून टाकू. सिस्टरला सांगितलं, हिच्या कानाशी जाऊन म्हणा — गाडी थांबवून दात आणून द्यायला हवे होते, माझं चुकलं. तुझ्याशिवाय घरात करमत नाही. लवकर ये.

अडतीस वर्षांच्या संसारात असं एक वाक्य तोंडातून निघालं नाही, आणि निघालं ते परक्या बाईच्या मार्फत.

पाच मिनिटांनी सिस्टर फोनवर परत आली. "सांगितलं काका. माझा हात धरून खूप रडल्या."

मीही रडलो. बरं वाटलं. दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१८ एप्रिल, शनिवार

घासूनपुसून काही होणार नाही. नवीन कवळी करायची. टाळूचं माप घ्यायचा ट्रे आणि त्यात भरायचा मसाला गेटवर दिला. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं — मसाला पाण्यात कालवा, ट्रेमध्ये भरा, टाळूला दाबून दोन मिनिटं धरा, काढल्याबरोबर पिशवीतली प्लास्टरची पुडी पाण्यात कालवून तिथल्या तिथे वर ओता. खाली चित्रंही काढली. सिस्टर हसली. "नर्सिंगमध्ये हे शिकवलं नव्हतं!" पण करते म्हणाली. देव तिचं भलं करो.

लेक म्हणाली, "बाबा, आज आवाज बरा वाटतोय तुमचा." वाटणारच! हाताला काम आहे, आणि ते हिचं आहे.

२० एप्रिल, सोमवार

माप आलं. सिस्टरने प्लास्टर ओतलंय चांगलं, एका कडेला बुडबुडा आहे फक्त. पिशवीसकट जंतुनाशकात ठेवलंय. उद्या उघडेन. दात निवडून ठेवले — जुन्यापेक्षा एक छटा पांढरे. ओरडेल! "या वयात मोत्यासारखे कशाला?" ओरडू दे.

२१ एप्रिल, मंगळवार

साचा सोडवला. हिचा जुना साचा फळीवरून काढून शेजारी ठेवला. नव्याची टाळू सपाट आहे.

बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. गाठ नाही.

हिरड्या सुकतात. हाड सुकत नाही.

त्या दिवशी खाटा बदलल्या होत्या. पाट्या तिथेच राहिल्या.

वॉर्डात फोन लावला. सिस्टरला म्हटलं, अकरावरच्या बाईंना फक्त एवढं विचारा, मुलगा काय करतो. ती गेली. परत आली. "काका... त्या हाताने स्टिअरिंग फिरवून दाखवतायत."

बारा तारखेलाच गेली ही. बांधलेल्या पिशवीत, दुसऱ्याच्या नावाने. तिच्यासाठी रडला तो ड्रायव्हर. तिच्यासाठी फूटपाथवर बसला. मी त्याला पाणी दिलं, आणि मनात म्हटलं — बरं झालं, आपली नाही.

माझी माफी दुसऱ्याच कुणीतरी ऐकली.

दुपारी त्याची चिठ्ठी शोधली. फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, सगळं विसरलो.

"मी तो गेटवरचा काका. तुमची आई आहे. अकरा नंबरला. जेवत नाही, कारण तिच्या तोंडात दुसऱ्याचे दात घालतायत. माप माझ्याकडे आलंय. आठ दिवसांत करून देतो."