दोन बोटं कापड

कुरखेडा
२४ ऑक्टोबर १९९९

चि. मयुरीस आजीचे आशीर्वाद व प्रभूच्या नावाने सलाम. वि. वि.

तुले एक आजी आहे अन् ती कुरखेड्याले राहते, हे आठवण करून द्यायले हे पत्र. पोळ्यापासून तुहं एक कार्ड नाई. नर्सिंगच्या शाळेत जगाची नाडी पाह्यते, घरच्यायची काऊन नाई पाहात? मले अक्षर येत नाई, म्हणून शेजारची खातून लिहून राह्यली. तिचा नवरा गुलाम रसूल शिंपी ओसरीत मशीन चालवते, त्याचा खडखडाट पत्रात येत नाई हे बरं.

पाद्री साहेब वडश्याहून महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी आपल्या देवळात बापूराव प्रचारक उपदेश करते. आता त्यानं शोध लावला का येत्या ३१ डिसेंबरले जग संपते. बोटांवर मोजून दाखवते. स्वतःची बोटं कमी पडली तर पुढच्या बाकावरच्यायची घेते.

तुह्या बापानं, म्हणजे माह्या शहाण्या गोपालनं, ते खरं मानून यंदा उभ्या धानात लाखोरीची डाळ पेरली नाई. ते जाऊ दे. पण तो तुहं १२ जानेवारीचं लगनही मोडाले निघाला. म्हणते, जगच नाई तर मांडव कशाले. बापूराव देवळात लग्नाच्या हाका देऊन कोणाची हरकत विचाराले तयार नाई, अन् तीन रविवार तीन हाका झाल्याशिवाय पाद्री साहेब लगन लावत नाईत.

देवाले जग मोडायचं असन तर तो मले विचारणार नाई. पण बापूरावालेही विचारणार नाई. देवळाची किल्ली तीस वर्षं माह्या कंबरेले आहे, ती काय फक्त बकऱ्या हाकलाले? पाहातो मी.

लोभ उतरू देऊ नको, चढला तर चालन.

तुझी आजी
(अंगठा माहा, शाई खातूनची)


वरोरा
५ नोव्हेंबर १९९९

ती. आजीस मयुरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग खोलीतल्या मुलींच्या नकळत रडले. त्याच दिवशी कोरपन्याहून होणाऱ्या सासऱ्यांचं पत्र आलं. बाबांनी त्यांना थांबायला कळवलंय. नोव्हेंबर संपेपर्यंत पहिली हाक झाली नाही, तर ते दुसरीकडे मुलगी बघणार आहेत. आजी, मला हाच मुलगा हवा आहे. हे बाबांना सांगायची लाज वाटते, तुला सांगायची नाही.

जग संपण्याचा दिवस देवाने बायबलमध्ये कोणालाच कळवलेला नाही, असं मी बाबांना लिहिलं. त्यांनी उलट लिहिलं की बापूरावांना कळलाय. पाद्री साहेबांना चिठ्ठी पाठवली, तर ते तापाने पडलेत. आता फक्त तू उरलीस.

खातूनचाचींना सलाम. माझा लोभ पोस्टाच्या तिकिटापेक्षा चिकट आहे, काळजी नको.

तुझी
मयुरी


कुरखेडा
२९ नोव्हेंबर १९९९

चि. मयुरीस आजीचे आशीर्वाद व सलाम. वि. वि.

तुहं पत्र वाचता वाचता खातून बापूरावाच्या नावापाशी थांबली. चष्मा पुसला, परत घातला. काऊन थांबली विचारलं, तर म्हणे, गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगायची नाई असा त्यायच्या घरचा कायदा आहे. मी म्हटलं, नको सांगू. मंग आपणच म्हणाली का आजी, २७ तारखेच्या शनवारी दहा वाजता गोपालभाऊले सदऱ्याचं माप द्यायले घेऊन या. इतकंच.

मी गोपालले म्हटलं, ३१ तारखेले प्रभूले भेटाले जाशीन, ते काय फाटक्या कॉलरनं? आला मुकाट्यानं.

ओसरीत बापूराव हात पसरून उभा. अंगात कच्च्या टाक्यांचा नवा कोट, पाठीवर खडूच्या रेघा, तोंड भिंतीकडं. गुलाम रसूलले समजावून राह्यला होता का भाच्याचं लगन फेब्रुवारीत आहे, कोट जानेवारीअखेर दिला तरी चालन, पण कंबरेत दोन बोटं कापड जास्तीचं आत ठेवजो, पावसाळ्यात आपलं अंग भरते.

गोपालनं हळूच विचारलं, कोणत्या पावसाळ्यात.

मशीन थांबली. बापूरावानं हात खाली केले तर टाचणी टोचली. म्हणे, हिशोबात थोडा फरक असू शकते. गोपाल माप न देताच घरी गेला अन् कोरपन्याले लगन कायम असल्याची चिठ्ठी स्वतःच्या हातानं लिहिली. मंग लाखोरीचं बियाणं घेऊन धानाच्या बांधीत गेला. उशीर झाला, पण गेला.

काल रविवारी मी देवळाच्या पायरीवर किल्ली घेऊन बसली. बापूरावाले सांगतलं, ती तारीख ज्याची आहे त्या देवाले सगळ्यायसमोर वापस कर, अन् मंग मयुरीची हाक दे, तवा कुलूप निघन. आधी त्यानं माह्या डोक्यावरून क्रुसाकडं पाह्यलं. तिकडून काही मदत आली नाई. दोन्ही गोष्टी कबूल केल्या, अन् आत जाऊन केल्याही. आवाज बारीक होता, पण पहिली हाक झाली, पोरी. दोन राह्यल्या.

पाद्री साहेबांचा ताप उतरला. त्यायनं निरोप धाडला का बाकीच्या दोन हाका ते स्वतः येऊन देतात, अन् पावसाळ्यापर्यंत बापूरावानं उपदेश न करता ऐकणाऱ्यायच्या बाकावर बसावं. मी माह्या बाजूची जागा देल्ली. माणूस वाईट नाई. भेव वाटलं असन, अन् तारीख हाती असली का भेव कमी वाटते. पण भेव त्यानं आपल्याले वाटून देल्लं अन् कोट स्वतःसाठी ठेवला, हे मले पटलं नाई.

आता तरी पत्राले पत्र दे, नाई तर तिसऱ्या हाकेले मीच हरकत घेतो.

तुझी आजी
(अंगठा)

ता. क. वरोऱ्याच्या बेकरीतून नानकटाईचे तीन डबे पाठव. एक खातूनले. एक मले, दात नाईत पण चहा आहे. तिसरा बापूरावाले. पावसाळ्यापर्यंत ते दोन बोटं कापड भरलं पाह्यजे.