चपलांपाशी बसलेली आई

दादा,

"आई जाण्याआधी तिला डोंगरावरच्या त्या पुरातन देवळाचं दर्शन घडवलं," असं तू सगळ्यांना सांगत सुटला आहेस. धादांत खोटं. पायऱ्यांपाशी डोलीवाले उभे होते, तरी तू म्हणालास, "आई, तू बस इथंच चपलांपाशी. देव काय, सगळीकडे असतो."

"मग तुम्ही कशाला चढताय रे?" ती हसत म्हणाली. तू ऐकलंही नाहीस.

आयुष्यभरात तिने आपल्याकडे एवढं एकच मागितलं होतं. तुला मी कधीच माफ करणार नाही.

तरी हे पत्र पेटीत टाकवत नाही. तू उलटून विचारशील, "आणि तू काय केलंस?"

मी माझ्या चपला तिच्यापुढे काढल्या आणि म्हणाले, "लक्ष ठेव गं, नव्या आहेत."

तुझी, नावापुरती,
बहीण