पाहुणीची उजवी चप्पल

पुणे,
४ मार्च २०२५

ती. आबांना रुचिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुमचा कान 'हॅलो'च्या पुढं जात नाही, म्हणून पुन्हा पोस्टाच्या खिडकीशी आले. खिडकीतल्या बाईंनी मला दोनदा विचारलं की पत्र खरंच पाठवायचंय का.

मी पर्यटन आणि आतिथ्य या विषयात एम. ए. करते आहे. तुम्ही गावभर सांगता की पोरगी हॉटेलात लागली. ते आता थांबवा. माझा प्रबंध आहे तो असा : खेड्यातल्या घरी एकदा राहून गेलेला पर्यटक परत का येत नाही? आमच्या विषयात सध्या यावर मोठी चर्चा आहे. लोक येतात, हुरडा खातात, बैलासोबत फोटो काढतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. बैलानं काय केलं, कोणाला ठाऊक.

आमच्या मार्गदर्शक सुकेशनी मॅडम म्हणाल्या की पुस्तकं पुरे, मी एका खऱ्या घरी राहून बघते. मी आपलं घर दिलं आहे. त्या शनिवारी, २२ ला येतील. रविवारी दुपारी चारच्या एसटीनं त्यांना वाशिमला पाठवायचं, तिथून पुण्याची ट्रॅव्हल्स. सोमवारी दुपारी बारापर्यंत प्रबंध जमा करायचा आहे आणि त्यावर त्यांची सही लागते. सही नाही तर माझं वर्ष गेलं. आबा, चारची एसटी. पाचची नाही.

सोबत प्रश्नावली आहे, भरून पाठवा. मॅडमना शाळेतल्या कविता दोनच म्हणून दाखवा.

लोभ आहे तेवढा राहू द्या, चहातली साखर तेवढी कमी करा.

तुमची,
रुचिका

*

अनसिंग,
११ मार्च २०२५

चि. रुचिकास उकंडरावाचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नावली मिळाली. इतके प्रश्न तर तुझ्या आजीला बघायला गेलो तेव्हा मलाही कोणी विचारले नव्हते. उत्तरं लिहिली आहेत. आग विझवण्याची सोय : विहीर. करमणुकीची सोय : मी. तक्रार ऐकून घेणारा अधिकारी : तुझी आजी गोजराबाई, आजवर तिच्यापुढं एकही तक्रार टिकलेली नाही. 'पाहुण्याने खोली सोडण्याची वेळ' ही जागा मात्र कोरी ठेवली. पाहुण्यानं जायचं कधी हे आपण ठरवायचं, हे मला काही केल्या लिहिता येईना.

गोजरा म्हणाली की तुई नात पाहुण्याइले परीक्षेले बसवून राह्यली काय, कायले एवढा कागद, बाई आली का दोन भाकरी जास्त टाकतो ना आमी.

मला मात्र तुझ्या कागदावरून आमचं जुनं घर आठवलं. माझे मामा कारंज्याहून येत. ते निघतो म्हणाले की बाबा त्यांच्या वहाणा लपवत, त्याही दोन वेगळ्या ठिकाणी. एक सापडली तरी माणूस जागचा हलू नये. एकदा मामा आठ दिवस अडकले. मामी त्यांना शोधत आल्या, तर त्यांच्याही वहाणा लपवल्या. संध्याकाळी सगळे अंगणात बसत आणि मी चौथीच्या पुस्तकातली पाखरांची कविता खड्या आवाजात म्हणे. मामा म्हणत की पोराला आवरा नाहीतर वहाणा द्या. काय दिवस होते!

मॅडमची काळजी करू नको. कवितांचं दोनवर भागेल असं वाटत नाही.

आमची आठवण पुस्तकांच्या खाली दबू देऊ नकोस.

तुझा आबा

*

पुणे,
२४ मार्च २०२५

ती. आबांना सा. न.

आज वि. वि. काही नाही. दुपारचे बारा वाजून गेले. मॅडम पुण्यात नाहीत, सही नाही, प्रबंध माझ्या मांडीवर आहे. सकाळी मॅडमचा फोन आला की चप्पल सापडत नाही. पलीकडून आजीचा आवाज येत होता, ती कोणाला तरी बह्याड म्हणत होती. कोणाला, ते विचारायची गरज पडली नाही.

पाहुण्यांना कसं वागवावं यावर मी दोनशे पानं लिहिली, आबा. त्यात कुठंही त्यांची पायताणं लपवा असं नाही.

लोभ सध्या बंद आहे.

रुचिका

*

अनसिंग,
२४ मार्च २०२५, संध्याकाळ

चि. रुचिकास आशीर्वाद, घेणार असशील तर.

तुझं पत्र येईल तेव्हा येईल, शिव्या आधीच कबूल करतो.

काल मला वाटलं, गंमत करू, तीनला काढून देऊ. मॅडमच्या चपला दोन ठिकाणी लपवल्या. विसरू नये म्हणून वहीत ओळ लिहिली :

'सोने निजले सावलीत, उजवी त्याच्या उशाशी.'

ओळ चांगली झाली, म्हणून आणखी चार लिहीत बसलो. तीन वाजता बघतो तर डावी तुळशीमागं मिळाली, पण सोनं म्हणजे काय, तेच आठवेना. सोयाबीन? तूर? गोजरानं वही वाचली आणि म्हणाली की चप्पल ठेवली असं लिहाले काय होत होतं तुले, सोनं कायले निजवलं? मॅडमनी स्वतः सोयाबीनचं पोतं उपसलं. चारची एसटी भोंगा वाजवून गेली, ती आम्ही तिघांनी तुरीच्या ढिगाऱ्यावरून पाहिली.

तुझ्या सहीचं मला तेव्हा आठवलं. त्याआधी आठवलं नाही, हेही लिहितो. आज चारला मी त्यांना स्वतः एसटीत बसवलं, गोजराच्या चपला घालून.

लोभ बंद केला असशील तर कडी लावू नको, नुसतं लोटून ठेव.

तुझा आबा

*

पुणे,
२७ मार्च २०२५

आदरणीय उकंडरावांस, सुकेशनीचा सविनय जयभीम.

रुचिकानं वहीतल्या ओळीची गोष्ट विभागात सगळ्यांना सांगितली आहे, तेव्हा आधी तिचं सांगते. मी विभागप्रमुखांना अर्ज दिला : संशोधकाची क्षेत्रभेट सोमवारी बारापर्यंत पूर्ण झालेली नव्हती, कारण पाहुणीला सोडलेलं नव्हतं. त्यांनी तो तीनदा वाचला आणि बुधवारपर्यंत मुदत दिली. अट एकच, की या प्रकारावर नवं प्रकरण हवं. रुचिकानं ते एका रात्रीत लिहिलं, नाव 'जाऊ न देणे'. माझी सही झाली. प्रबंध जमा आहे.

वीस वर्षं मी आतिथ्य शिकवते. बऱ्याच हॉटेलांनी मला पुन्हा या म्हटलं, पण मी निघाल्यावर कोणाची तारांबळ उडालेली पाहिली नाही. कविता अकरा झाल्या. नववी चांगली होती.

प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न, 'पुन्हा यायला आवडेल का?', मी कोरा सोडला आहे. माझी उजवी तिथं आहे, गोजराबाईंच्या दोन्ही इथं आहेत. आता आवडीचा प्रश्न उरला कुठं?

आपल्याकडच्या तुरीच्या ढिगाला माझा नमस्कार.

सुकेशनी

*

अनसिंग,
३ एप्रिल २०२५

सुकेशनीताईंस उकंडरावाचा सप्रेम जयभीम.

उजवी सापडली. सोनं म्हणजे हळद होती. गोजरानं दळायला पोतं उघडलं आणि वर आली. पार पिवळी झाली आहे, थेट मांडवात उभी करावी अशी. गोजरा म्हणते की बाईले आता जोडीची धाडून दे, माह्या चपला तिच्यापाशी अडकून पडल्या, ती कवापासून त्याच घालून फिरून राह्यली.

मी पोस्टात चौकशी केली. पार्सल जातं म्हणाले, पाच दिवसांत पोहोचतं.

पाठवणार नाही.

आपला,
उकंडराव