ताईच्या कानाखालचा डाग

वेंगुर्ले, मंगळवार, फेब्रुवारी २००६, संध्याकाळ

मी तो डाग पुसायलाच नको होता.

दादाने बोटीवरच्या नोकरीवरून सुट्टीला येताना आणलेल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर सकाळी ताईचे फोटो काढले. मुंबईच्या स्थळाला एक आजच ई-मेलने पाठवायचा होता. छान आला, पण कानाखालचा कोडाचा पांढरा डाग उन्हात उठून दिसत होता. आई म्हणाली, "तेवढो पुसून टाक गो. मागसून सांगूया."

मी कॉम्प्युटरवर शेजारच्या कातडीचा रंग उचलून डागावर लावत गेले. पाच मिनिटांत डाग नाहीसा. खरं सांगायचं तर स्वतःचं कौतुकही वाटलं.

ताई कधी मागे येऊन उभी राहिली, कळलंच नाही. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "लगीन झाल्यावर रोज सकाळी पुसूक येतलंस?"

आईचे डोळे भरून आले. "तुझ्याच बऱ्यासाठी सांगलंय."

"माका म्हायत आसा. पण तेका माझो फोटो धाडूया, दुसऱ्या बाईचो नको."

आता मी आईचं ऐकू की ताईचं? ताईने मला खुर्चीवरून उठवलं आणि मूळ फोटो स्वतःच पाठवला.

दोन तासांनी मुलाचा फोन आला. ताईने घेतला. "हो, तो डागच आहे," एवढंच आम्हाला ऐकू आलं. मग ती नुसती ऐकत होती. आई दाराची चौकट धरून उभी.

फोन ठेवून ताई म्हणाली, "रविवारी येतले. जेवणाक."

मी हसले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.