खुर्चीवरचं मांजर

ती. आई,

नमस्कार करते, पण रागातच. काल फोनवर तुम्ही फर्मावलंत, "मी राहायला यायच्या आत ते मांजर घराबाहेर काढ. माझ्या लेकाच्या खुर्चीवर लोळतं म्हणे!"

हो, लोळतं. हे गेल्यापासून त्या खुर्चीला आपण कुणी हात लावला नाही. पोरीला त्रास नको म्हणून तिच्यासमोर यांचा विषयही काढला नाही. पोरीनं तोंडाला कुलूपच लावलं. मग कुठूनसं मांजर आलं आणि कुणाला न विचारता खुर्चीत जाऊन बसलं. मी गिऱ्हाइकाच्या शर्टाला बटणं लावत होते. पोर त्याला म्हणाली, "ही बाबांची जागा आहे. ते शिंकले ना, की भांडी वाजायची." आणि चक्क हसली. आता रोज त्याला बाबांच्या गोष्टी सांगते. मीही सुई थांबवून ऐकते.

हे पत्र टाकणार नाही, वाचून तुम्ही यायचंच रद्द कराल. पण दारातच तोंडावर सांगणार आहे, मांजर कुठंही जाणार नाही. तुम्हाला तुमचा लेक हवा असेल, तर त्या खुर्चीपाशी खाली बसा आणि नातीचं ऐका.

तुमची,
ऐकून न घेणारी धाकटी सून